दुहेरी रेघ

त्रिशला मगदूमच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. ठेवायला जागाच नव्हती. शिरवळच्या 'अंकुरण' कारखान्यात निर्जंतुक खोलीत शिरताना बाकीचे लोक नियमापुरते हात धुवायचे, ही कोपरापासून नखांपर्यंत घासायची. टोपीखालून तिची एक बट बाहेर आलेली कुणी पाहिली असेल तर त्यानं खुशाल पुढं येऊन सांगावं. आणि अशा मुलीला कारखान्याचा प्रमुख निनाद केंजळे भर बैठकीत, सगळ्या पाळीसमोर म्हणाला, "मॅडम, तुमच्या डोक्यातला कोंडा पेशंटच्या हृदयावर शिवायचा विचार होता का?"

दोघंतिघं फिदीफिदी हसले. त्रिशलाला आधी कळेचना की हा आपल्याशी बोलतोय.

'अंकुरण'मध्ये हृदयाची ठिगळं बनत. माहितीपत्रकात त्यांना भारदस्त नाव होतं, पण कारखान्यात सगळे ठिगळच म्हणायचे. हार्ट अटॅक आला की हृदयाच्या स्नायूचा एक भाग मरतो, तिथं वण राहतो, आणि वण काही धडधडत नाही. मग त्या जागेवर टाकीत वाढवलेल्या जिवंत स्नायूचा तळहाताएवढा पापुद्रा शिवायचा. काही आठवड्यांत तो मूळ हृदयाशी ताल जुळवतो आणि जिना चढताना धापा टाकणारा माणूस बाजारात पिशवी घेऊन हिंडायला लागतो. सगळी ठिगळं एकाच माणसाच्या मूळ पेशींपासून वाढवलेली असत. त्या पेशींच्या वाणाचं नाव होतं 'कृष्णा'. दाता कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. निनावी, एवढंच.

यंदा सरकारनं नवा नियम काढला होता. कामगाराच्या अंगावरची एखादी पेशी चुकून टाकीत पडू शकते, म्हणून प्रत्येक कामगाराच्या डीएनएचा ठसा यंत्रात घालायचा आणि प्रत्येक बॅच त्याच्याशी ताडून बघायची. ठसा जुळला की बॅच बाद. नियम लागू झाला आणि पहिल्याच बॅचला यंत्रानं लाल दिवा लावून त्रिशला मगदूमचं नाव दाखवलं.

"चौकशी होईपर्यंत खोलीत पाऊल टाकायचं नाही," केंजळे म्हणाला. "आणि सिद्ध झालं तर ह्या क्षेत्रात कुठल्याच खोलीत टाकता येणार नाही. तुम्हाला माहीत आहे ते."

ते तिला चांगलंच माहीत होतं. बायोइंजिनिअरिंगची सहा वर्षं, रात्रंदिवसाचा अभ्यास, सगळं त्या एका लाल दिव्याखाली जाणार होतं. पण त्रिशला रडणाऱ्यांतली नव्हती. संतापली की तिचं डोकं उलट जास्त चालायचं.

"सर, बॅचमध्ये मी किती आहे?"

"म्हणजे?"

"कोंडा पडला असेल तर लाखांत एखादी पेशी माझी निघेल. यंत्र किती म्हणतंय?"

केंजळेनं पडद्यावर नजर टाकली. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. "सगळ्या," तो म्हणाला.

"सगळ्या? मग कृष्णाच्या पेशी कुठं गेल्या? माझ्या कोंड्यानं गिळल्या का? कोंडा म्हणजे मेलेली कातडी, सर. मेलेल्या कातडीतून टाकीभर धडधडणारा स्नायू उगवला असेल तर मला घरी कशाला बसवताय, सत्कार करा. प्रत्येक बॅचचा नमुना आपण राखून ठेवतो ना? मी नोकरीला लागायच्या आधीचा कुठलाही काढा. तो तपासा."

केंजळे तोंडाचा फटकळ, पण कामात लबाडी करणारा नव्हता. त्यानं नमुना काढायला लावला. ती बॅच बनली तेव्हा त्रिशला हॉस्टेलमध्ये मेसच्या पातळ आमटीला शिव्या घालत होती, शिरवळ नकाशात कुठं आहे तेही तिला माहीत नव्हतं. दुपारी निकाल आला. लाल दिवा, त्रिशला मगदूम, शंभर टक्के.

त्यानंतर केंजळेनं कोंड्याचं नाव काढलं नाही. "तुम्ही दोन दिवस रजा घ्या," एवढंच पुटपुटला आणि दार लावून कुणाला तरी फोन करत बसला.

त्रिशला बाहेर आली. कृष्णा म्हणजे आपण. दोन वर्षं आपण स्वतःलाच टाकीत वाढवतोय, कापतोय, डब्यात भरून पाठवतोय, आणि हे आपल्याला कोंड्याच्या निमित्तानं कळतंय. बसस्टॉपच्या बाकावर बसून तिनं विचार केला, माझ्या पेशी ह्यांच्या हाती लागल्याच कधी? आणि उत्तर एकच होतं.

कुरुंदवाडहून ती सांगलीजवळच्या जैव-अभियांत्रिकी विद्यापीठात आली तेव्हा गल्लीतल्या लोकांनी विचारून विचारून भंडावून सोडलं होतं, "म्हंजे पोरगी डॉक्टर होणार का इंजिनिअर?" तिच्या पप्पांचं पंपाच्या मोटारी बांधायचं दुकान. जळकी मोटार यायची, पप्पा जुनी तार उपसायचे, आणि आई घरी बसून नव्या तारेची वेटोळी करून द्यायची. पप्पांनी सगळ्यांना एकच उत्तर ठेवलं होतं. "मी मोटार बांधतोय, पोरगी माणूस बांधणार."

पहिल्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक म्हणजे स्वतःच्या पेशी. बोटाला टोचून स्वतःचं रक्त काढायचं. त्यातली पेशी आधीच कामाला जुंपलेली असते, म्हणजे रक्ताची ती रक्ताचीच. पण तिच्यातली ठरावीक जनुकं चालू केली की ती आपला धंदा विसरते, गर्भातल्या पेशीसारखी कोरी होते. मग तिला हृदय शिकवा, हाड शिकवा, कातडी शिकवा. कोऱ्या पेशी डिशमध्ये वाढल्या की पोरं त्यांचं बारसं करायची. त्रिशलाच्या पेशींचं नाव होतं चिंगी. आणि वर्ष संपलं की विसर्जन. विभागाची जुनी प्रथा होती ती. सगळा वर्ग आपापली डिश घेऊन ओळीनं उभा राहायचा, कुणीतरी स्टीलच्या ट्रेवर ताल धरायचा, गणपतीसारखा गजर व्हायचा आणि प्रत्येक जण आपल्या डिशमध्ये स्वतःच्या हातानं ब्लीच ओतायचा. चिंगीवर ब्लीच ओतताना त्रिशलाच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं होतं. मैत्रिणींनी त्यावरून तिला महिनाभर पिडलं होतं.

विभागप्रमुख होते डॉ. हेरंब टिपणीस. गोड आवाज, खादीचा झब्बा, आणि जमाना कुठला कुठं गेला तरी खडू-फळ्यावरच शिकवायचा हट्ट. आनुवंशिकतेच्या तासाला त्यांनी विचारलं होतं, "कुणाच्या आईवडिलांचं लग्न नात्यात झालंय?" त्रिशलानं भोळेपणानं हात वर केला. तिच्या भागात त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आई स्वतःच्या आत्याच्या घरी सून म्हणून आली होती, म्हणजे पप्पांनी मामाची मुलगी केली होती. गावच्या शाळेतल्या निम्म्या पोरींच्या घरी हेच होतं.

सरांनी फळ्यावर तिचं घराणं काढलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, लग्न म्हणजे दोघांमधली रेघ. आईवडिलांच्या मध्ये मात्र त्यांनी दोन रेघा मारल्या. "नात्यातलं लग्न असलं की रेघ दुहेरी. शास्त्रातली ही धोक्याची पाटी समजा," ते म्हणाले, आणि खडू त्या दोन रेघांवर टकटक आपटत पुढं म्हणाले, "विसाव्या शतकात राहिलेली माणसं." वर्ग खो खो हसला. पुढं वर्षभर पोरं तिला 'डबल लाइन' म्हणत होती.

त्या सुट्टीत घरी जाऊन ती आईशी कडाकडा भांडली. तिच्या आधी आईला एक मुलगा झाला होता, तो काही महिन्यांचा होऊन गेला. पहिल्या वर्षाच्या अर्ध्या शहाणपणात त्रिशला म्हणाली, "तुमच्या लग्नामुळंच गेला तो." आई उठून तारेची वेटोळी करायला बसली. पुढं पदवीदानाला चल म्हटलं तेव्हा "दुकानात काम हाय" म्हणाली, आणि त्रिशलानंही आग्रह केला नाही. सरांसमोर, वर्गासमोर ती दुहेरी रेघ साडी नेसून उभी राहायला नकोच होती तिला.

हे सगळं बसस्टॉपवर आठवलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगलीकडं जाणाऱ्या पहिल्या गाडीत ती बसली आणि थेट विद्यापीठ गाठलं.

टिपणीस सर केबिनमध्ये होते. भिंतीवर 'इथे करिअर उगवतं' ह्या पाटीखाली यशस्वी माजी विद्यार्थ्यांचे फोटो होते, आणि त्यांत पांढऱ्या टोपीतली त्रिशलाही होती.

"ये, ये. चहा सांगू?"

"नको. सर, कृष्णा म्हणजे मी आहे?"

सर दचकले नाहीत, सारवासारवही केली नाही. खुर्चीला टेकून हसले. "केंजळेंचा फोन आला होता. नवा नियम आला तेव्हाच वाटलं होतं मला, आता कळणार. बस तरी."

आणि मग त्यांनी तिला शिकवलं. हो, शिकवलं, त्याच गोड आवाजात, जणू तास चालू होता. "प्रत्येक पेशीच्या अंगावर बिल्ले असतात. शरीराचे पहारेकरी बिल्ले बघतात आणि परक्याला मारतात. एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. दोन वेगळे संच म्हणजे परकं ठरायला दुप्पट कारणं. पण एखाद्याचे दोन्ही संच एकसारखे निघाले, आणि तो संच ह्या मुलखात सर्रास आढळणारा असला, तर त्याच्या पेशी हजारो लोकांचे पहारेकरी मुकाट आत सोडतात. असा माणूस लाखांत सापडत नाही, त्रिशला. तुझ्या पणजीचा संच एकीकडून आजीमार्फत तुझ्या वडिलांकडे आला आणि दुसरीकडून आजोबांमार्फत तुझ्या आईकडे. दोन्ही वाटा तुझ्यापाशी येऊन मिळाल्या."

"दुहेरी रेघ."

"अगदी बरोबर."

"वर्गात ती रेघ काढलीत, पोरं हसवलीत, तेव्हा हे माहीत होतं तुम्हाला?"

"छे गं, तेव्हा कुठं. तक्ता काढता काढता डोक्यात आलं, हिच्या पेशी तपासून बघाव्यात. त्याच संध्याकाळी तपासल्या."

त्रिशलानं टेबलाची कड घट्ट धरली. म्हणजे सकाळी ज्याची टिंगल केली, संध्याकाळी त्याचाच भाव काढला. "मी चिंगीवर ब्लीच ओतलं होतं, सर. माझ्या हातानं."

"डिशवर. विसर्जन डिशचं होतं. ती मुलांची मजा आहे, मी कधी आड आलो नाही. पण प्रत्येकाची एक कुपी आम्ही नायट्रोजनच्या टाकीत ठेवतोच. प्रत्येक वर्षाची. कधी कोण हिरा निघेल सांगता येत नाही."

"सगळ्यांची? आणि कुणालाच सांगत नाही?"

"प्रात्यक्षिक शिक्षणासाठी असतं, आणि संशोधन हा शिक्षणाचाच भाग आहे. तू तेव्हा अठरा वर्षांची. सांगून तू गोंधळली असतीस. दाता निनावी राहणं त्याच्याच भल्याचं."

"मग मला त्याच कारखान्यात नोकरी का लावलीत?"

इथं टिपणीस सरांचा चेहरा खरोखर उजळला. "ते मात्र मी मुद्दाम केलं. तुझ्याच पेशी, तुझ्याच हाताखाली वाढताहेत. मला फार सुंदर वाटलं ते."

माणूस चोरी करतो, ते समजू शकतं. पण चोरलेल्या वस्तूची राखण मालकालाच करायला लावायची आणि वर त्यातलं काव्य ऐकवायचं, ह्याला काय म्हणायचं? त्रिशलाला एवढं कळलं की समोरच्या माणसाला आपण वाईट वागलो असं क्षणभरसुद्धा वाटत नाहीये.

सर पुढं बोलतच होते. कंपनीशी बोलणं झालं होतं. कोंड्याचं प्रकरण मिटवायचं, त्रिशलाला दातासंबंध विभागाचं प्रमुख करायचं. सोमवारी विद्यापीठाचा करिअर-दिन, त्याला तीच प्रमुख पाहुणी. बदल्यात तिनं गप्प राहायचं, बस्स.

"आणि नाही राहिले तर?"

"तर यंत्र म्हणतंय तेच खरं. निष्काळजी कामगार, दूषित बॅच. तो जुना नमुना कंपनीच्या कपाटाबाहेर येणार नाही. कोण ठेवून घेणार तुला? आणि तू पेशी काढून घेतल्यास, कायद्यानं तो हक्क आहे तुझा, तर उद्या ज्यांची ऑपरेशनं ठरलीत त्यांचं काय? त्यांचा तरी विचार कर."

"पेशंटला मी नाही म्हटलेलंच नाही, सर. मला कुणी विचारलंच नाही, तर नाही कधी म्हणणार? पेशंटला पुढं करून तुम्ही माझ्या तोंडावर हात ठेवताय."

ती उठली. सर मागून म्हणाले, "सोमवारी वेळेवर ये हं." ती येणार नाही अशी शंकाही त्यांना नव्हती.

कुरुंदवाडला पोचली तेव्हा आई ओसरीत बसून तांब्याच्या तारेची वेटोळी करत होती. लेकीकडं एकदा बघितलं आणि हात न थांबवता म्हणाली, "कुणासंगट भांडून आलीस?"

त्रिशलानं सगळं सांगितलं. बिल्ले, पणजी, चिंगी, टाकीतल्या कुप्या, कृष्णा, ठिगळं. आई ऐकत राहिली. मध्येच तिचा वेढ्यांचा हिशेब चुकला, तार तशीच मांडीवर राहिली.

"म्हंजे माझ्या पोरीचं काळीज लोकांस्नी शिवत्यात?"

"काळीज नाही गं, पेशी."

"तेच की. माणसं जगली का?"

"जगली. हजारो."

"मग ते बरं झालं." आईनं मांडीवरची तार उचलली. "इचारलं असतं तर मी न्हाई म्हटलो असतो का? तू म्हटली असतीस?"

"मी आनंदानं दिलं असतं, आई."

"मग इचारलं का न्हाई?"

सरांनी तासभर शास्त्र सांगितलं होतं, त्यात ह्याचं उत्तर कुठंच नव्हतं. आणि इतका वेळ कोरडी राहिलेली त्रिशला तिथं पहिल्यांदा रडली, रागानं, हुंदके देत. आईनं तार बाजूला ठेवली आणि तिची पाठ चोळली.

"आणि आपला तो बाळ," आई हळूच म्हणाली. "तो त्या रेघंनंच गेला न्हवं?"

"न्यूमोनियानं गेला. नात्यातल्या लग्नात काही आजारांचा धोका थोडा वाढतो हे खरं आहे. पण त्याला तसलं काही नव्हतं. दवाखान्यातले कागद मी नंतर वाचले होते, आणि वाचूनही तुला सांगितलं नाही. मी एक तक्ता शिकून आले आणि तुझ्या डोक्यावर आपटला."

आईनं डोळ्यांना पदर लावला, आणि काढला तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं ते दुःख नव्हतं. कित्येक वर्षं दाबून ठेवलेला राग होता तो, आणि लेकीपेक्षा काकणभर जास्तच. "ह्यो करिअर-दिन म्हंजे काय असतंय?"

"शिकून पुढं काय होतं ते पोरांना सांगायचं."

"मग सांगूया की, काय होतंय ते. मी बी येतो. बघू दे त्या मास्तराला, दुहेरी रेघ दिसती कशी."

सोमवारी सभागृह खचाखच भरलं होतं. पहिल्या वर्षाची पोरं पुढं, मोबाइल काढून तयार. दुसऱ्या रांगेत इरकल नेसलेली एक बाई ताठ बसली होती, ती कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. टिपणीस सरांनी पाहुणीची ओळख तोंड भरून करून दिली. आपल्याच मातीत रुजलेलं रोप, वगैरे. टाळ्या झाल्या.

त्रिशला माइककडं गेलीच नाही. तिनं फळ्यापाशी जाऊन खडू उचलला. चौकोन काढला, वर्तुळ काढलं, मध्ये दोन रेघा मारल्या. पोरं खुसखुसायला लागली. प्रत्येक वर्षाची पोरं इथंच हसत असणार, इतका तो विनोद मुरलेला होता.

"हे माझे पप्पा," ती म्हणाली. "आणि ही माझी आई. ती तिथं बसली आहे."

आई उभी राहिली. हात जोडले नाहीत, हसली नाही, नुसती उभी राहिली. सगळ्या सभागृहाची मान तिकडं वळली आणि खुसखुस जागच्या जागी मेली.

"करिअरबद्दल सांगायचंय ना, सांगते," त्रिशला म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिनं तो खाली आणला नाही. "हे शिकून तिघांपैकी एक होता येतं. पेशी वाढवणारा, पेशी विकणारा, आणि ज्याच्या त्या पेशी आहेत तो. पहिल्या दोघांना पगार मिळतो, भिंतीवर फोटो मिळतो. तिसऱ्याला आपण तिसरे आहोत हेच कळू दिलं जात नाही. मी तिसरी आहे. ज्या कृष्णा वाणाची ठिगळं देशभर हृदयांवर शिवली जातात, तो वाण म्हणजे मी. ह्या फळ्यावर ज्या लग्नाला तुम्ही हसता, त्याच लग्नामुळं त्या पेशी इतक्या लोकांना चालतात. मी त्यांचं विसर्जन केलं होतं, ह्याच इमारतीत. मला न विचारता त्यांची एक कुपी नायट्रोजनच्या टाकीत राखून ठेवली, आणि मला न सांगता विकली."

"त्रिशला," सर हसत हसत पुढं झाले, "हे व्यासपीठ—"

"मला बोलू द्या. तुम्ही खूप वर्षं बोललात." ती पुन्हा पोरांकडं वळली. "आज सकाळी मी सांगलीच्या सरकारी पेशीपेढीत रक्ताचा थेंब दिला. कंपनीच्या कुठल्याही ठिगळाशी तो ताडून बघा, जुळेल. कायद्यानं मी माझा वाण कंपनीकडून काढून घेतला आणि पेढीला दिला. ज्यांच्या हृदयावर ठिगळ आहे त्यांनी घाबरू नये. ते मी दिलं, आता माझ्या तोंडानं दिलं. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांचं ठरल्या दिवशीच होईल, त्यांची तयार ठिगळं आता पेढीमार्फत जातील. कुठल्याही दवाखान्यानं मागावं. 'अंकुरण'लासुद्धा मागता येईल, इतरांसारखं रांगेत उभं राहून."

तिच्या खिशात मोबाइल थरथरला. केंजळेचा संदेश होता. कंपनीत थेट प्रक्षेपण चालू होतं म्हणे. तिचं कार्ड बंद केलं होतं, निष्काळजीपणाचा शेरा मारून. खाली त्यानं स्वतःचं एक वाक्य घातलं होतं, "मला वरून सांगितलंय, माझा इलाज नाही." तिनं मोबाइल परत खिशात टाकला.

पहिल्या बाकावरची एक सडपातळ मुलगी उठली. घाबरली होती, पण उठली. "मॅडम, मग तुमची नोकरी?"

"गेली. आत्ताच."

"आणि आमचं विसर्जन मागच्या आठवड्यात झालं. आमच्या पेशी तर गेल्या ना?"

त्रिशला टिपणीस सरांकडं बघत राहिली, मग मुलगी बघायला लागली, मग सगळंच सभागृह. सरांनी घसा साफ केला, घड्याळ पाहिलं, "हा विषय आपण नंतर सविस्तर" असं काहीतरी म्हणाले, आणि सवयीनं डस्टर उचलून फळ्याकडं वळले.

त्रिशलाची आई तोवर पायऱ्या चढून वर आली होती. तिनं सरांच्या हातातून डस्टर काढून घेतलं. हिसकावलं नाही, नुसतं काढून घेतलं, जसं लहान पोराच्या हातातून कात्री काढून घेतात.

"ऱ्हाऊ द्या ती रेघ, मास्तर," ती म्हणाली. "लई कामाची हाय म्हणं." मग तिनं त्या घाबरलेल्या मुलीकडं पाहिलं. "बाळ, त्या टाकीची चावी कुणाकडं असती?"

मुलगी बाकामागून बाहेर आली. तिच्या मागोमाग शेजारचा मुलगा आला, मग सगळी रांग. विसर्जनाला उभी राहतात तशीच ओळ लागली, फक्त ह्या वेळी ट्रेवर ताल धरायला कुणी नव्हतं. मुलीनं टिपणीस सरांपुढं हात पसरला.

"सर," ती म्हणाली, "माझी कुपी द्या."

सरांचा हात झब्ब्याच्या खिशाकडं गेला. चावी तिथंच होती.